रझाकार, अन्सार आणि निर्वासित : एका शब्दसमूहाचा इतिहास

१

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. त्याच तालुक्यात प्रतापगड-गोठणगावच्या परिसरात १९७२ साली तिबेटी निर्वासितांचीही वसाहत झाली. हा सर्व मुलूख १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदियाहून पूर्वेस जाणारा लोहमार्ग राजनांदगाव, दुर्ग ही गावे घेत रायपुरास पोचतो. त्या रायपूरजवळील माना येथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांची फार मोठी संक्रमण-छावणी होती. गोंदियाहून दक्षिणेस उतरणारा मार्ग, जो पूर्वी अरुंद रुळांचा होता, अर्जुनी व नागभीड यांवरून चांद्यास जातो. आणि चांदा हे १९४७-४८ साली हैदराबाद संस्थानातून बाहेर पडलेल्या लोकांचे एक आश्रयस्थान व हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सीमेवरील छावणीचे ठिकाण होते. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या काळात चांद्याच्या छावणीत काम करीत होते.

एका लोहमार्गाच्या दोन अंगांस असलेल्या या दोन निर्वासित-समूहांचा परस्परांशी काही संबंध नाही. एक तेलंगण-मराठवाड्यातून आलेला व वर्षभरात बहुतांशी परत गेलेला. दुसरा खुलना, बारिसाल, फरिदपूर या बाजूंनी आलेला व येथेच मुरलेला. तथापि दोहोंच्या इतिहासकथनात एकच शब्द येतो, तो म्हणजे ‘रझाकार’. हैदराबादेत हे नाव १९४८ मध्ये संपले आणि पूर्व बंगालमध्ये १९७१ साली पुन्हा उभे राहिले. यादवीच्या काळात निमलष्करी दले निर्वासितांशी व स्थानबद्धांशी कसे वागतात, या प्रश्नाचा विचार या शब्दाच्या आधारे करता येण्याजोगा आहे. कारण शब्दाचा अर्थ कसा पालटला हे पाहू गेल्यास संस्था कशी पालटली हेही दिसू लागते.

२

‘रझाकार’ हा शब्द मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही. अरबी ‘रिझा’ अथवा ‘रझा’ म्हणजे संमती, खुशी. त्याला फारसी ‘कार’ हा कर्तृवाचक प्रत्यय लागून ‘स्वखुशीने काम करणारा’ असा अर्थ होतो. मराठीतील ‘रजा’, ‘राजी’, ‘नाराज’, ‘राजीखुशी’, ‘राजीनामा’ हे शब्द त्याच धातूपासून निघाले आहेत. जुन्या दप्तरांतून आलेल्या या शब्दांत फारसीतील घर्षक ध्वनी आपण ‘ज’ने लिहितो, उशिरा आलेल्या ‘रझाकार’मध्ये तो दंततालव्य ‘झ’ने लिहिला गेला. बंगालीत हा ध्वनी नसल्यामुळे तेथे ‘राजाकार’ असे रूप रूढ झाले आणि पहिला स्वर दीर्घ झाला. एकाच शब्दाची ही दोन रूपे पुढे दोन भाषांत स्वतंत्रपणे एकाच अर्थाप्रत, म्हणजे शिवीप्रत, येऊन पोचली.

दुसरा शब्द ‘अन्सार’. हा अरबी अनेकवचनी शब्द असून त्याचा अर्थ ‘साहाय्यक’. मक्केहून मदिनेस स्थलांतर करून आलेल्या लोकांना ‘मुहाजिरीन’ म्हणत व त्यांना आश्रय देणाऱ्या मदिनावासीयांना ‘अन्सार’ म्हणत. मुहाजिर म्हणजे घरदार सोडून आलेला. अन्सार म्हणजे त्याला घरात घेणारा. पूर्व बंगालमध्ये १९४८ साली कायद्याने जे ग्रामरक्षक दल उभारण्यात आले त्याला हेच नाव देण्यात आले.

आता दुसऱ्या बाजूचे शब्द पाहावेत. मराठीत आपण ‘निर्वासित’ म्हणतो. हे कर्मणि भूतकृदन्त आहे; ज्याला बाहेर घालविले तो, असा त्याचा अर्थ, आणि म्हणून घालविणारा कोणी तरी असला पाहिजे हे त्या रूपातच गृहीत आहे. हिंदी ‘शरणार्थी’ या शब्दाचे लक्ष पुढे, म्हणजे शरण मागण्याकडे आहे. बंगालीतील ‘उद्‌वास्तु’ हा शब्द वास्तूपासून उखडले जाण्यावर भर देतो. मराठी शब्द कर्त्याचा प्रश्न उभा करतो, मात्र त्याचे उत्तर देत नाही. ते उत्तर इतिहासाने द्यावयाचे आहे.

३

हैदराबादेत मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ साली स्थापन झाली. तिचे प्रभावी अध्यक्ष बहादूर यार जंग यांच्या काळात स्वयंसेवकांचे दल निर्माण झाले. त्यांचा १९४४ मध्ये मृत्यू झाला. १९४६ च्या अखेरीस लातूरचे वकील कासिम रझवी अध्यक्ष झाल्यावर या दलाचे स्वरूप पालटले. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला. या दोन घटनांच्या दरम्यान, २७ ऑक्टोबरच्या पहाटे, दिल्लीस वाटाघाटींकरिता निघालेल्या प्रतिनिधींची घरे जमावाने वेढली आणि त्यांचे जाणे रोखले. संस्थानातील सत्ता कोणाच्या हाती जात आहे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. लवकरच मीर लायक अली पंतप्रधान झाले.

रझाकार सरकारी नोकर नव्हते, तरीही ते सरकारच्या वतीने वावरत. पोलिसांच्या तुकडीबरोबर ते गावात शिरत. झडती, जप्ती व धरपकड यांत भाग घेत. पण त्यांच्या कृत्यांची नोंद पोलीस ठाण्याच्या कागदावर येत नसे. येथेच स्थानबद्धाच्या स्थितीचा मर्मबिंदू आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी अटक झाली, करारानंतर त्यांची सुटका झाली व २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा पकडण्यात आले. त्यांचा तुरुंगवास हा कागदोपत्री तुरुंगवास होता; त्याला तारीख होती, तुरुंग होता, अधिकारी होता. खेड्यातील ज्या सत्याग्रह्याला वा केवळ संशयिताला रझाकारांनी वाटेत धरले, त्याला यांपैकी काहीच नव्हते. तो कैदी होता, परंतु कोणाचा कैदी होता हे सांगता येत नव्हते. बिलोली भागात ऑक्टोबर १९४६ मध्ये झालेली गोविंदराव पानसरे यांची हत्या ही या पद्धतीची पूर्वसूचना होती.

प्रवास करणाऱ्याचीही तीच अवस्था. २२ मे १९४८ रोजी गाणगापूर स्थानकावर मुंबई-मद्रास मार्गावरील गाडीवर हल्ला झाला. त्यात प्रवासी मारले गेले व जखमी झाले. सीमेवरील गावांतून लोक बैलगाड्यांनी व पायी पैनगंगा, वर्धा या नद्या ओलांडून मध्यप्रांत-वऱ्हाडात, तसेच बार्शी, सोलापूर या बाजूंनी मुंबई इलाख्यात येत. तेव्हा निजामी मुलखात असलेला राजुरा आणि इंग्रजी मुलखातून नुकताच स्वतंत्र झालेला चांदा यांच्यामध्ये केवळ एक नदी होती. उमरखेडसारख्या गावी छावण्या पडल्या. या छावण्या केवळ आश्रयाच्या नव्हत्या हेही सांगितले पाहिजे; त्यांतून निजामाच्या करोडगिरी नाक्यांवर व पोलीस ठाण्यांवर सशस्त्र हल्ले होत आणि त्याचा सूड पुष्कळदा नदीपलीकडील निरपराध गावांवर उगवला जाई.

रझाकारांचा कोप एकाच धर्माच्या लोकांवर होता असे मानणेही वस्तुस्थितीला धरून नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला, म्हणून २१-२२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री त्यांची हत्या करण्यात आली. उलटपक्षी, १९४७ च्या दंगलींनंतर मध्यप्रांत-वऱ्हाड व इतर भागांतून पुष्कळ मुसलमान कुटुंबे भयाने हैदराबादेत आली होती आणि त्यांतील काही तरुण रझाकारांत भरती झाले. निर्वासित हा केवळ छळाचा विषय असतो असे नाही. घर गमावलेला माणूस निमलष्करी दलाला सहज मिळणारा शिपाईही असतो.

४

पूर्व बंगालमधील अन्सार दलाची कथा याहून वेगळ्या मार्गाने, परंतु तेथेच जाते. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातील कालशिरा या नमशूद्र वस्तीच्या गावी पोलीस एका कम्युनिस्टाच्या शोधार्थ शिरले, झटापटीत एक शिपाई मारला गेला आणि त्यानंतर गावावर व आसपासच्या वस्त्यांवर अत्याचार झाले. लोक सीमेकडे निघाले. त्यांच्या हकीकती कलकत्त्यास पोचल्या. तेथे प्रतिक्रिया उमटली आणि फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बारिसाल आदी ठिकाणी भीषण दंगली झाल्या. पाकिस्तानचे विधिमंत्री जोगेंद्रनाथ मंडल हे स्वतः नमशूद्र समाजाचे पुढारी होते व मुस्लिम लीगशी सहकार्य करूनच ते मंत्रिपदावर आले होते. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी दिलेल्या दीर्घ राजीनाम्यात पोलिसांबरोबर अन्सारांच्या जुलमाचाही आरोप आहे. दंगलींतील मृतांची संख्या त्यांनी सुमारे १० हजार धरली होती.

८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारातील कलमे या दृष्टीने वाचनीय आहेत. स्थलांतर करणाऱ्यास वाटेत संरक्षण मिळावे, त्याला आपली जंगम चीजवस्तू व अंगावरील दागिने नेता यावेत, प्रौढास १५० रुपये व मुलास ७५ रुपये रोख जवळ बाळगता यावेत, जकात अधिकाऱ्यांनी त्रास देऊ नये, अशी ती कलमे होती. कायदा ज्या गोष्टीची हमी देतो ती गोष्ट व्यवहारात नाहीशी झालेली असते, हा कायद्याच्या इतिहासातील नेहमीचा अनुभव आहे. झडतीच्या वेळी काय होत असे, ते या निर्बंधांवरून ताडता येते. ज्यांचे नाव ‘आश्रय देणारे’ असे होते, त्यांच्यावर घर सोडून जाणाऱ्यांना वाटेत लुबाडल्याचा आरोप व्हावा, या अर्थविपर्यासास भाषेच्या इतिहासात फारशी तोड नसेल.

१९६४ च्या जानेवारीत पुन्हा दंगली उसळल्या. काश्मीरमधील हजरतबल येथील पवित्र केस डिसेंबर १९६३ मध्ये नाहीसा झाल्याचे निमित्त होऊन खुलन्यात हिंसा सुरू झाली व ती ढाका, नारायणगंजपर्यंत पसरली. या लाटेतील असंख्य कुटुंबे माना छावणीत व तेथून १९५८ साली सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पात व मध्य भारतातील इतर वसाहतींत पाठविण्यात आली. नद्या, खाड्या व भातशेतीच्या प्रदेशातील नमशूद्र शेतकरी अशा रीतीने वैनगंगेच्या व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात आले.

५

१९७१ साली ‘अन्सार’ व ‘रझाकार’ हे दोन शब्द प्रत्यक्ष एकमेकांस भेटले. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्याची कारवाई सुरू झाल्यानंतर अन्सार दलातील बरेच लोक बंगाली पक्षाकडे गेले आणि ते दल सरकारच्या दृष्टीने अविश्वसनीय ठरले. मे महिन्यात खुलना येथील अन्सार छावणीतच जमाते इस्लामीच्या ९६ कार्यकर्त्यांचे पहिले रझाकार पथक उभे राहिले. पुढे राज्यपाल टिक्का खान यांच्या अध्यादेशाने अन्सार दल बरखास्त करून त्याच्या जागी रझाकार दल स्थापन झाले आणि सप्टेंबरात ते सैन्याच्या हुकमतीखाली आणण्यात आले. हैदराबादेत जे नाव पक्षाने दिले होते, ते येथे राज्याने कायद्यात लिहिले.

रझाकारांचे मुख्य काम पूल, रस्ते व रेल्वे यांवर पहारा देण्याचे, असे कागदावर होते. परंतु पूल, घाट व रस्ते याच निर्वासितांच्या वाटा होत्या. डिसेंबर १९७१ पर्यंत भारतात नोंदलेल्या निर्वासितांची संख्या ९८,९९,३०५ इतकी झाली. त्यांतील प्रत्येकाला अशा कोणत्या ना कोणत्या पहाऱ्यातून वा पहारा चुकवून यावे लागले. २० मे रोजी खुलना जिल्ह्यातील चुकनगर येथे सीमेकडे निघालेल्या हजारो लोकांवर सैन्याने गोळीबार केला. वाटेवर थांबलेल्या माणसांचा समूह किती असहाय असतो, याचे हे सर्वांत भयानक उदाहरण होय. स्थानबद्धांच्या बाबतीत अल्-बद्र या सहचारी दलाचे नाव अधिक येते. ढाक्यातील मोहंमदपूर येथील शारीरिक शिक्षण संस्था व चितगावातील दालिम हॉटेल यांचा त्यांनी छळगृहे म्हणून उपयोग केला. शिक्षणसंस्था आणि उपाहारगृह ही तुरुंगाच्या नोंदवहीत न येणारी स्थळे आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. १४ डिसेंबर रोजी ढाक्यातील प्राध्यापक, वैद्य व पत्रकार यांना घराघरांतून उचलून नेऊन ठार मारण्यात आले.

६

ही रीत दक्षिण आशियापुरती नाही. लेबनॉनच्या यादवीत सप्टेंबर १९८२ मध्ये साब्रा व शातिला येथे पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल ख्रिस्ती फलांजी दलाने केली. पण मे १९८५ पासून १९८८ पर्यंत शातिला, बुर्ज अल्-बराजने व रशिदिया या छावण्यांना वेढा घालून अन्न व औषधे रोखणारे ‘अमल’ हे दल शियापंथी मुसलमानांचे होते. त्यातील पुष्कळ शिपाई स्वतःच दक्षिण लेबनॉनमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांतले होते. ‘अमल’ हे त्या दलाच्या अरबी नावाचे आद्याक्षरी रूप असून त्या शब्दाचा अर्थ ‘आशा’ असा होतो. स्वयंसेवक, साहाय्यक, आशा अशी ही नामावली आहे.

या उदाहरणांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, निमलष्करी दल हे राज्याच्या दुर्बलतेपेक्षा राज्याच्या सोयीतून अधिक जन्मते. त्याला अधिकार मिळतो, उत्तरदायित्व मिळत नाही. अत्याचार झाला तर राज्य तो ‘स्वयंसेवकां’वर ढकलते आणि स्वयंसेवक राज्याच्या हुकमाकडे बोट दाखवितात. दुसरी, असे दल स्थानिक असते. कोणाच्या घरी काय आहे, कोणाचा मुलगा कोठे लपला आहे, नदीला उतार कोठे आहे, हे परक्या सैन्याला ठाऊक नसते. शेजाऱ्याला ठाऊक असते. तिसरी, निर्वासित आणि स्थानबद्ध हे वरकरणी विरुद्ध दिसणारे दोन वर्ग, एक वाटेवर असलेला व दुसरा कोंडलेला, वस्तुतः एकाच स्थितीत असतात. दोघांचेही गाव सुटलेले असते आणि दोघांचीही कोठे नोंद नसते.

७

परंतु शब्दाचा इतिहास येथे संपत नाही. किंबहुना त्याचा अधिक अवघड भाग येथून सुरू होतो. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारतीय सैन्याची हैदराबादेत कारवाई झाली. तिच्या पाठोपाठ मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा करून दिलेल्या अहवालात कारवाईच्या वेळी व नंतर २७ ते ४० हजार लोक मारले गेले असावेत असा अंदाज केला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक ग्रस्त ठरविले. सीमेपलीकडून आलेल्या सशस्त्र टोळ्यांचाही त्यात उल्लेख आहे. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. त्या महिन्यांत हजारो लोक रझाकार म्हणून स्थानबद्ध झाले. त्यांतील सर्वच रझाकार नव्हते. ‘रझाकार’ हे संघटनेच्या सदस्याचे नाव न राहता एका समाजाचे नाव बनले, आणि ज्याला ते लागले त्याच्याविरुद्ध वेगळा पुरावा मागितला जाईना. खुद्द कासिम रझवी यांच्यावर मात्र रीतसर खटला चालला, शिक्षा झाली व १९५७ मध्ये सुटून ते पाकिस्तानात गेले. पुढाऱ्याला न्यायालय मिळाले. नाव चिकटलेल्या सामान्य माणसाला ते मिळाले नाही.

बांगलादेशात हाच क्रम दिसतो. फाळणीच्या सुमारास बिहारमधून निर्वासित म्हणून आलेले उर्दूभाषक मुसलमान तेथे ‘बिहारी’ म्हणून ओळखले जात. त्यांतील काही १९७१ मध्ये रझाकार झाले; विजयानंतर सर्व बिहारी संशयित ठरले. १८ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात जाहीर सभेनंतर बंदिवानांना संगिनींनी भोसकून मारण्यात आले व त्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. मारणारे या वेळी मुक्तिसैनिक होते. उरलेले बिहारी मोहंमदपूरच्या ‘जिनिव्हा कॅम्प’सारख्या छावण्यांत राहिले, त्यांच्या नागरिकत्वाचा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. एका पिढीचा निर्वासित दुसऱ्या यादवीत रझाकार ठरला आणि पुन्हा छावणीत आला.

जुलै २०२४ मध्ये या शब्दाने आणखी एक वळण घेतले. सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांविरुद्ध आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात पंतप्रधान शेख हसीना यांनी रझाकारांच्या नातवंडांचा उल्लेख केला. तेव्हा ढाका विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी उपरोधाने तो शब्द स्वतःलाच लावून घोषणा दिल्या. ५ ऑगस्टला हसीना यांना देश सोडावा लागला. त्रेपन्न वर्षे राजकारणात वापरून वापरून शिवी अशी झिजली की तिचे लक्ष्य असलेल्यांनी ती निर्भयपणे उचलली. त्यामुळे १९७१ मधील खऱ्या रझाकारांचे अपराध लहान होत नाहीत. परंतु शब्दाचा अनिर्बंध वापर त्या अपराधांची स्मृती कशी बोथट करतो, हे त्यावरून कळते.

८

या विवेचनाचा गोंदिया जिल्ह्यातील अभ्यासाशी प्रत्यक्ष संबंध आहे. अर्जुनी-मोरगावच्या वसाहतींतील वृद्धांच्या हकीकती नोंदविताना त्यांतील शब्द जसेच्या तसे टिपणे अगत्याचे आहे. जे कुटुंब १९५० वा १९६४ मध्ये निघाले, त्याला पूर्व बंगालमध्ये रझाकार भेटणे शक्य नव्हते. त्याला अन्सार भेटले असतील, पोलीस भेटले असतील, शेजारी भेटले असतील. अशा हकीकतीत ‘राजाकार’ हा शब्द आला तर ती हकीकत खोटी ठरत नाही. मूळ अनुभवावर १९७१ च्या शब्दाचा थर चढला आहे, एवढेच तो शब्द सांगतो. संशोधकाने तो थर ओळखावा आणि ‘त्या माणसांना त्या वेळी काय म्हणत?’ असा साधा प्रश्न विचारावा. कालनिश्चितीचे असे साधन कागदपत्रांतून मिळत नाही.

याउलट, मराठी भाषांतर करताना अन्सार, अल्-बद्र, मुजाहिद, गुंड, शेजारी या सर्वांना मराठवाड्याच्या आठवणीने सरसकट ‘रझाकार’ म्हणण्याचा मोह होईल, तो टाळला पाहिजे. त्या एका शब्दाने वाचकाला सर्व कळल्यासारखे वाटेल आणि नेमके जे कळावयास हवे ते, म्हणजे कोणत्या दलाच्या, कोणत्या हुकमाने, कोणत्या घाटावर, कोणत्या माणसाने कोणाला अडविले, ते पुसले जाईल. ‘निर्वासित’ या कृदन्तात कर्ता अध्याहृत आहे. चांद्याकडे आलेले असोत वा माना छावणीतून आलेले असोत, त्यांच्याबाबत तो कर्ता प्रत्येक वेळी नावानिशी शोधावा लागेल. आणि १९६४ मध्ये आलेली पिढी आता वृद्ध झाली असल्याने या कामास फार वेळ उरलेला नाही.